दुसरं टोक कोण धरणार

किस्से साठतात कसे, ते आधी सांगतो. दिवसभरात काहीतरी घडतं, संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं की त्याचं काम संपतं. आमची बायको, कुसुम, तीन वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी पुण्याला गेली, नातवाला सांभाळायला. ते सहा महिने अजून चालू आहेत. तेव्हापासून माझ्याकडे किस्से साठायला लागले. फोनवर सांगायला जावं तर तिकडं कुकरच्या शिट्ट्या, नातवाची रडारड, आणि "हं, मग?" असा सूर. असल्या सुरात किस्सा सांगता येत नाही.

मी माणिक मिस्त्री. पिंगळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा लाकडाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, त्यात एक टेबलाची करवत, एक रंधा मशीन आणि एक मी. कवाडं, चौकटी, पलंग, देव्हारे, सांगाल ते करतो. बसा निवांत. चहा मात्र मिळणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

*

पहिला मान मुंजाजीचा. मुंजाजी आणि मी बत्तीस वर्षं एकत्र काम केलं. आधी हातकरवतीवर, मग मशीनवर.

आमच्या मशीनचं टेबल जेमतेम अडीच फुटांचं. त्यावर सात फुटी फळी आडवी कापायची म्हटलं की निम्म्याहून जास्त फळी हवेत राहते. ते टोक खाली झुकलं की फळी पात्यात आवळते आणि उलटी अंगावर येते. म्हणून एकानं ढकलायचं आणि दुसऱ्यानं दुसरं टोक धरून सोबत चालायचं. ओढायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं चालायचं. ऐकायला सोपं वाटतं. मुंजाजीशिवाय कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

एकदा परभणीचे एक इंजिनियर साहेब बंगल्याची कवाडं करून घ्यायला आले. तासभर आमचं काम बघत उभे राहिले. मग माझ्याकडे बोट करून मुंजाजीला म्हणाले, "हे मिस्त्री, मग तुम्ही काय करता?"

मुंजाजी म्हणाला, "मी दुसरं टोक हाय."

"म्हणजे हेल्पर?"

"न्हाई साहेब. हेल्पर तो हाय. त्याला फकस्त ढकलायचं असतंय."

साहेब जाईपर्यंत मी रंधा मारत राहिलो. गेल्यावर मुंजाजीला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मनातून मला ते पटलेलं होतं.

*

मुंजाजीचा गुडघा गेला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याची पोरगी चाकणहून आली आणि त्याला घेऊन गेली. तिथं दोन खोल्या, खाली दुकान, वर हा. गाडीत बसताना मला म्हणाला, "चार महिन्यात येतो." मी मनात म्हटलं, आमच्या घरातून सहा महिन्यांसाठी गेलेलं माणूस मी बघितलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आलो. बाभळीची फळी टेबलावर टाकली, मशीन चालू केलं, "धर रे" म्हटलं आणि ढकलली.

बत्तीस वर्षांची सवय. तोंडातून शब्द गेला म्हणजे तिकडं हात आला असणार, असंच डोकं धरून चालतं. फळी झुकली, पात्यानं पकडली आणि उचलून माझ्या बरगडीत घातली. अंगठा पात्याला घासला, चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "एकटे होता?" मी म्हटलं, "ते आत्ताच कळलं."

*

रस्त्याच्या पलीकडे किशनचं चहाचं हॉटेल. आमचा चहा ठरलेला, अकरा वाजता दोन कप. मुंजाजी गेल्यावरही किशन दोन कपच आणायचा.

आठवडाभर मी दोन्ही पिऊन टाकले. आठव्या दिवशी विचारलं, "किशन, हा दुसरा कुणाचा?"

किशन म्हणाला, "मिस्त्री, हात ऐकंना माझा. एक कप घेऊन निघालो की रस्त्यात काहीतरी इसरल्यासारकं वाटायलंय."

मी म्हटलं, आणत जा मग. तेव्हापासून मला पित्ताचा त्रास आहे.

*

टाक्यांची पट्टी लपवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. व्हिडिओ कॉलवर डावा हात खाली ठेवून बोलायचो. पण कुसुमनं चाळीस वर्षं माझ्याकडं बघितलेलं आहे. ती म्हणाली, "तो हात वर घ्या बरं जरा."

हात वर घेतला. तिनं फोन विकासकडे दिला. विकास आमचा एकुलता एक मुलगा, कंपनीत आहे, शांत डोक्याचा. तो ओरडला असता तर मी चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो. पण तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आजून एकदा असं झालं की मशीन विकायचं आन इकडं यायचं. मी भांडणार न्हाई. सरळ गिऱ्हाईक घेऊन येणार."

आता तुम्ही म्हणाल, जायचं की पुण्याला. तिथं बायको आहे, नातू आहे. मी आठ दिवस राहून आलेलो आहे. घर छान आहे. सकाळी सगळे आपापल्या कामाला लागतात आणि मी या खोलीतून त्या खोलीत जातो. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये एक कवाड कुरकुरत नाही, एक खिडकी अडकत नाही. माझ्यासाठी तिथं काही शिल्लकच ठेवलेलं नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाचे चारही पाय मोजले. चारही सारखे निघाले आणि मला रडू आलं. हे कुसुमला अजून माहीत नाही.

तर मला कारखाना चालू ठेवायचा होता, आणि त्यासाठी एकट्यानं फळी कापता यायला हवी होती. एवढीच अडचण होती.

*

उपाय मोबाइलवर सापडला. एक गोरा माणूस, अंगावर भुश्शाचा कण नाही, कारखाना आमच्या ग्रामपंचायतीपेक्षा स्वच्छ. त्यानं प्लायवूडचा एक चौकोनी पाट केला. पाटाखाली दोन लाकडी पट्ट्या. त्या पट्ट्या मशीनच्या टेबलावरच्या दोन खाचांमध्ये बसतात आणि पाट पुढे-मागे सरळ रेषेत सरकतो. पाटाला पुढे आणि मागे एकेक उभी फळी. कापायचं लाकूड पाटावर ठेवायचं, उभ्या फळीला टेकवायचं आणि पाटासकट पात्यावरून न्यायचं. लाकूड झुकत नाही, वळत नाही, काटकोनात कापलं जातं. तो त्याला स्लेड म्हणाला, म्हणून मीही स्लेड म्हणतो. किशन सरकपाट म्हणतो.

मी मशीनजवळ जाऊन बघितलं. पात्याच्या दोन्ही बाजूंना खरंच दोन खाचा होत्या! सोळा वर्षं आम्ही त्या मशीनवर काम केलं आणि त्या खाचा कशासाठी आहेत हे दोघांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी मुंजाजीला फोन केला. म्हटलं, "मशीनच्या टेबलावर दोन खाचा हायत, त्या कशाला असतील रे?"

तो म्हणाला, "एक पेन्सिल ठेवायला."

"आन दुसरी?"

"दुसरी तुझ्या पेन्सिलीला. तू कधी ठिवली न्हाईस. मी म्हणलं राहू दे, आपण कामून बोलावं."

*

स्लेड करायला घेतली. खाचेत बसणाऱ्या पट्ट्या मी जुन्या शिसवाच्या काढल्या. इथवर सगळं ठीक झालं. मग पट्ट्या खाचांत ठेवायच्या, वरून फेव्हिकॉल लावायचा आणि प्लायवूड अगदी सरळ टेकवून दाबून धरायचं. या ठिकाणी तो गोरा माणूस हसून म्हणाला की, आता तुमच्या एखाद्या मित्राला बोलवा.

मी व्हिडिओ थांबवला आणि तसाच बसून राहिलो. दुसऱ्या माणसाशिवाय भागावं म्हणून जी वस्तू करायची, तिलाच आधी दुसरा माणूस हवा. हसावं की मोबाइल पात्याखाली घालावा, कळेना.

शेवटी किशनला हाक मारली. त्यानं दोन्ही हातांनी प्लायवूड दाबून धरलं. म्हटलं, वीस मिनिटं हलायचं नाही. "आवं, तासभर धरतो," म्हणाला. पाचव्या मिनिटाला हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "किशन, दूध गेलं बघ!" किशन दुधाकडे, प्लायवूड पात्याकडे. एक पट्टी तिरकी चिकटली आणि स्लेड खाचेत अशी आवळली की मागे येईना की पुढे जाईना.

पटाशीनं पट्टी उपसून काढली, पुन्हा घासली, पुन्हा चिकटवली. या वेळी वजन ठेवायचं ठरवलं. घरभर हिंडलो. वजनदार असं एकच काही उरलेलं, कुसुमचं जातं. ते हातगाड्यावर घालून गावातून कारखान्यात आणलं आणि स्लेडवर ठेवलं. रात्रभर ते मुळीच हललं नाही. किशन सकाळी बघायला आला, जात्याकडे बघून म्हणाला, "वैनी असत्या तर त्यांनीबी असंच धरलं असतं." मी त्याला त्या दिवशी दुसरा कप प्यायला लावला.

*

आता गुण्याची गोष्ट. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं आमचं हत्यार. माझ्याकडचा गुण्या मी काम शिकलो तेव्हाचा, लोखंडी पात्याचा. स्लेडची मागची उभी फळी मी त्या गुण्यानं काटकोनात बसवली आणि चाचणी घेतली.

चाचणी सोपी आहे. प्लायवूडचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा, एकेक बाजू फिरवत चारही बाजू कापायच्या आणि पाचव्यांदा पुन्हा पहिली बाजू कापायची. शेवटी जी बारीक पट्टी निघते ती दोन्ही टोकांना सारखी जाड हवी. चूक असेल तर चारपट होऊन पट्टीत दिसते. माझी पट्टी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखी निघाली.

तीनदा केलं, तीनदा तसंच. स्लेड नीट होती, गुण्याच खोटा होता. मी मुंजाजीला फोन लावला.

"मुंजा, आपला गुण्या चुकायलाय."

पलीकडून हळूच आवाज आला, "किती?"

"किती ते सोड. कधीपासून, ते सांग."

"विकासच्या पाळण्याचं काम चाललं व्हतं बघ. तवा माझ्या हातून पडला."

विकास एकतीस वर्षांचा आहे! म्हणजे एकतीस वर्षं पिंगळीपासून चुडाव्यापर्यंत आम्ही जेवढी कवाडं बसवली, ती सगळी त्या एका पडलेल्या गुण्यानं. मी म्हटलं, "एवढी वर्षं सांगितलं कामून न्हाईस?"

"तू चिडला असतास."

"आन आता चिडणार न्हाई व्हय?"

"आता चीड की," तो म्हणाला. "आता मी लय लांब हाय."

फोन ठेवल्यावर तासभर काम झालं नाही.

*

नवा गुण्या आणला, फळी पुन्हा बसवली आणि पाचव्या कापाची पट्टी दोन्ही टोकांना सारखी निघाली. तीन दिवस गेले त्यात. ती पट्टी मी खिशात घालून हिंडत होतो. कुणाला दाखवणार? किशनला दाखवली. तो म्हणाला, "बारीक हाय."

नव्या स्लेडवर पहिलं काम बापूरावांचं. त्यांच्या घराची चौकट आम्ही दोघांनी वीस वर्षांपूर्वी केलेली. कवाड खालून कुजलं होतं, ते नवं हवं होतं. मी स्लेडवर एकेक तुकडा असा कापला की सांध्यात नख जाऊ नये. कवाड घेऊन गेलो, चौकटीला लावलं, तर वरच्या कोपऱ्यात बोटभर फट.

बापूराव वाकून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कवाड अगदी काटकोनात होतं. चौकट पडलेल्या गुण्याची होती. मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं, पाळण्यापासून पट्टीपर्यंत.

बापूराव दाढी खाजवत म्हणाले, "मिस्त्री, पयलं तुमी दोघं चुकत व्हता. पण संगं चुकत व्हता, म्हणून कवाड बसत व्हतं."

मी कवाड परत आणलं आणि रंध्यानं तासून मुंजाजीच्या मापाचं वाकडं केलं. छान बसलं.

*

मुंजाजी रोज दुपारी दोनला फोन करायचा. "काय कापायलास?" एवढंच विचारायचं असायचं. मी फोन टेबलाच्या कडेला ठेवून मशीन चालू करायचो आणि तो ऐकत बसायचा. चाकणमध्ये बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "पातं बोथटलंय," नाही तर "लिंबाचं हाय का रे? ओलं हाय." कधी चुकला नाही.

स्लेड चालू केली त्या दिवशी मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही. फोन ठेवला, सहा फुटी फळी स्लेडवर लावली आणि कापली. मशीन बंद करून फोन कानाला लावला.

मुंजाजी विचारायला लागला, "कोण ठिवलाय?"

"कोण म्हणजे?"

"दुसरं टोक कुणीतरी धरलंय. फळी थरथरली न्हाई. चांगला आदमी दिसतोय. कोण हाय?"

मी म्हटलं, "कोनी न्हाई. प्लायवूडचा पाट केलाय एक. त्याच्यावर कापायलोय."

तो म्हणाला, "बरं झालं. आता मला फिकर न्हाई."

नंतर चार दिवस दोन वाजता फोन आला नाही. पाचव्या दिवशी मी केला. पोरीनं उचलला, म्हणाली, झोपलेत. मुंजाजी दुपारी कधी झोपत नाही, हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे. पण मी तिला नुसतं बरं म्हटलं.

*

स्लेडचे स्वभाव हळूहळू कळले. पावसाळ्यात खालच्या पट्ट्या फुगतात आणि ती हटून बसते, तेव्हा मेणबत्ती घासून तिची समजूत काढावी लागते. उन्हाळ्यात त्याच पट्ट्या सुकतात आणि ती खुळखुळते. पातं जिथून बाहेर येतं तिथं मी लाकडाचा एक ठोकळा ठोकून लाल रंगवला, अंगठा तिथं जाऊ नये म्हणून. बाकी तिची काही तक्रार नाही. ती चहा पीत नाही, कुणाच्या लग्नात काय वाढलं ते सांगत नाही, आणि मी चुकीचं माप घेतलं तर "आन एकदा मोज" असंही म्हणत नाही. मुंजाजी इथं असताना त्याच्या बडबडीनं डोकं उठायचं. आता मीच बडबडतो. एकदा गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि मी स्लेडला ऊसतोडीचे भाव समजावून सांगत होतो. गिऱ्हाइकानं आत डोकावून विचारलं, "कोण हाय आत?" मी फोन कानाला लावून वेळ मारून नेली.

*

दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि वर माणसं. यंदा किशनही गेला. म्हणाला, "मिस्त्री, चहा पिणारे समदे तिकडं चाललेत, तर मी हितं बसून काय करू?" साखर कारखान्याच्या अड्ड्यावर गाड्यांच्या रांगेत त्यानं हॉटेल थाटलं आहे. म्हणून तुम्हाला चहा नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं एक स्टोव्ह आणि एक पातेलं माझ्याकडे आणून ठेवलं. "करून पेत जावा," म्हणाला. मी केला. कप दोनच भरले. हात ऐकंना म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. एक पिऊन झाल्यावर दुसऱ्याकडे बघत बसलो. साय धरली तेव्हा ओतून दिला आणि स्टोव्ह कपाटात ठेवला.

*

संक्रांतीच्या आठवड्यात विकासचा फोन आला. "बाबा, मी दोन दिवस यायलोय. तुमचं काम मला डोळ्यानं बघायचंय. एकट्यानं बिनघोर जमत असलं तर खुशाल चालू ठेवा, मी परत इषय काढणार न्हाई. न्हाई तर मशीनला गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

मला काही भीती नव्हती. कारखाना झाडून काढला. स्लेडला मेण लावलं, लाल ठोकळा पुन्हा रंगवला. सहा फुटी फळी एका हातानं कशी कापायची याची आदल्या दिवशी तीनदा तालीम केली. विकास उभा राहील, मी कापीन, तो बघील आणि विषय संपेल. परत जायच्या गाडीचं तिकीट त्यानं काढलेलंच होतं.

सकाळी स्टेशनकडून तो चालत येताना दिसला. एकटाच, पाठीवर बॅग. मी मशीनवरची स्लेड उचलली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांखाली सारली. का सारली ते विचारू नका. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक आहे तर सांगवत नाही.

तो आला, पाया पडला, अंगठ्यावरची खूण बघितली, मग सगळीकडे एकदा नजर फिरवली. "दाखवा, कसं कापता," म्हणाला.

भिंतीला कडुलिंबाच्या सात फळ्या उभ्या होत्या. मी पहिली टेबलावर टाकली आणि म्हटलं, "ते दुसरं टोक धर जरा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग बाह्या वर केल्या आणि धरलं.

पहिल्यांदा त्यानं ओढलं. मी म्हटलं, "ओढू नको, नुसतं चाल." मग त्यानं दाबलं. मी म्हटलं, "दाबू नको रे, चाल." तिसऱ्या कापाला तो चालला. पोरगा मुंजाजीच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला, कुठंतरी शिल्लक असणारच.

दुसऱ्या फळीला त्यानं विचारलं, "काय करायलाव आपण?"

"पाट."

"किती?"

"बगू."

ऑर्डर कुणाचीच नव्हती. तिसऱ्या फळीला माझ्या लक्षात आलं की मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. दुसरा माणूस असल्याशिवाय याचं काम होत नाही, हेच मी त्याला सकाळपासून फळी फळी करून दाखवत होतो. तिथंच थांबायला हवं होतं. पोती बाजूला करायची, स्लेड लावायची, कारखाना वाचला असता. मी चौथी फळी घेतली.

मधे मशीन बंद असताना तो बोलायला लागला. फोनवर कधी बोलला नव्हता असं. म्हणाला, आईला तिथं करमत नाही, ती रोज खाली जाऊन जिंतूरकडच्या वॉचमनच्या बायकोशी गप्पा मारत बसते, तुम्हाला सांगू नको म्हणते. म्हणाला, माझं ऑफिस आता घरातूनच असतं, दिवसभर एका खोलीत दार लावून, कानाला हेडफोन. "माणसं लय बोलतात बाबा, पण खोलीत कोनी नसतंय." मी मोजपट्टी धरून नुसतं हं हं केलं. पाचवी फळी झाली, सहावी झाली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर भुसा बसला होता आणि तो झटकत नव्हता.

सातवी एकटीच भिंतीला उरली. मी उगीच पात्यावरचा भुसा पुसत बसलो. मोजमाप पुन्हा पुन्हा केलं. सहा फळ्यांचे तुकडे ढीग होऊन पडले होते. सगळ्या गावाला जेवायला बसवता आलं असतं एवढे पाट. गावात माणसंच नव्हती.

विकासनं दस्तीनं तोंड पुसलं. कोपऱ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, किशनकाकानं फोटो धाडलेल्या त्या सरकपाटाचा लाल ठोकळा पोत्याखालून दिसायलाय. मी आलो तवाच दिसला."

मी पुसलेलं पातं पुन्हा पुसलं.

तो भिंतीकडे गेला, सातवी फळी उचलून आणली, टेबलावर टाकली आणि पलीकडे जाऊन दुसरं टोक धरून उभा राहिला.

"करा चालू," म्हणाला.